नेम्बीचा डावा कान

७ ऑक्टोबर

सकाळी सहा. खांबावरचा कर्णा खोकला. गावप्रमुख, आडनाव मा, आधी खोकतात आणि मग बोलतात, रोज. "आ... आ... गावकरी हो! बारा नोव्हेंबरला पिल्लांची तपासणी. सभागृहाच्या पटांगणात. सहा महिने भरलेली सगळी पिल्लं आणायची. आईबापांसकट, कागदांसकट!"

कर्णा वाजला की आमची चार कुत्री चार तऱ्हा करतात. जांगगुन मान उंचावून असा सूर लावतो की अंगावर काटा यावा — आणि सूर संपायच्या आत स्वतःच्याच आवाजाला घाबरून सरपणामागे लपतो. जांगगुन म्हणजे सेनापती! तो लपला की हुचू त्याचं भांडं रिकामं करते. म्हातारी मालसुन ओरडत नाही, माझ्याकडे बघते : हे बंद करायची जबाबदारी कुणाची आहे? आणि पिल्लू, नेम्बी, शेपूट हलवतं. कर्ण्याला!

मी इथं, जिंदो बेटावर, दोन आठवड्यांसाठी आले होते. ऑगस्टात. बाबा सोयाबीनच्या रांजणांच्या ओट्यावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, "कुत्र्यांना बघायला ये" असा निरोप आला. बाबांना बघायला ये, असा नव्हे.

८ ऑक्टोबर

पाऊस. चार ओली कुत्री, एक कोरडा टॉवेल. आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

१० ऑक्टोबर

बसने पूल ओलांडून मोकपोला, इस्पितळात. बाबा उशीला टेकून बसले होते.

"मालसुन जेवली?"

जेवली.

"जांगगुन?"

जेवला. म्हणजे त्याचं हुचू जेवली, मग त्याला परत वाढलं.

"नेम्बी?"

जेवला, बाबा. मग मी वाट बघितली. यादीत पुढचं नाव माझं येतं का म्हणून. आलं नाही.

"कान?"

नेम्बीचा उजवा कान भाल्यासारखा उभा. डावा मात्र मधेच मोडतो, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. तो कान आमच्या घराण्याचा प्रश्न आहे. चाळीस वर्षांत ग्वाकांच्या घरचं एकही पिल्लू तपासणीत नापास झालेलं नाही — हे बाबा त्या तीन खाटांच्या खोलीत रोज सगळ्यांना ऐकवतात. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने आज मला डोळा मारला. त्याला पाठ झालंय.

"चिकटपट्टी लाव. हेनामवालीला विचार, तिला येतं. पास झालाच पाहिजे. मा प्रमुखांना शब्द दिलाय, पिल्लू त्यांच्याकडे जाणार."

हे मला नवीनच!

१२ ऑक्टोबर

शेजारच्या हेनामवाल्या काकू चिकटपट्टी घेऊन आल्या. हेनामहून लग्न होऊन या बेटावर आल्या त्याला पंचावन्न वर्षं झाली, तरी अजून हेनामवालीच. इतक्या वर्षांत त्यांचं नाव काय हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

"धर त्याला घट्ट. तोंड धर, तोंड!"

"काकू, तो चावत नाहीये. चाटतोय."

"तेच तर! जिंदोचं कुत्रं परक्याला चाटतं का कधी? यांच्या थोरल्या कुत्रीने मला नऊ वर्षं अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. याला म्हणतात जात!"

थोरली म्हणजे मालसुन. ती ओट्यावरून सगळं बघत होती. नेम्बीने काकूंचा कान चाटला, हात चाटला, मग चिकटपट्टीचं भेंडोळंही चाटलं. मतदानाच्या आदल्या आठवड्यातला उमेदवारही एवढा प्रेमळ नसतो.

जगात सगळीकडे म्हणे कुत्र्याचं शेपूट सरळ होत नाही म्हणून लोक रडतात. इथे ते वाकडंच पाहिजे, सरळ निघालं तर नापास! आणि कान उभे. पास झालेलं कुत्रं बेटाचं होतं. परवानगीवाचून पुलापलीकडे न्यायचं नाही. नापास झालं तर उलटं — पुलापलीकडे धाडायचं, नाहीतर डॉक्टरकडून त्याचा वंश तिथल्या तिथे बंद करून घ्यायचा. थोडक्यात, हुशारांना डांबून ठेवायचं आणि ढ असतील त्यांना जग बघायला पाठवायचं.

मी इथल्या शाळेत सगळ्यात पास होत होते. तरी मला जाऊ दिलं. बाबांचं तेव्हा नियमाकडे लक्ष नसावं.

१६ ऑक्टोबर

मालसुनबद्दल.

वय अकरा. नावाचा अर्थ शेवटची मुलगी — पूर्वी मुली पुरे झाल्या की घरात असं नाव ठेवत. बाबांनी कुत्रीचं ठेवलं. त्यानंतर हुचू झालीच! देव बाबांचं ऐकत नाही, माझ्यासारखाच.

मालसुन मला भाडेकरू समजते. मी दार लावलं की मागून येऊन कडी बघते. भांडी धुतली की हुंगते. माझ्या हातचं खाते, पण मी पाठ फिरवल्यावर. उपकार नकोत. मला सासू एकदाच मिळाली होती आणि तीही सहा वर्षांत सुटली. ही उणीव राहिली होती, ती भरून निघाली.

रोज चार वाजता बस येते तेव्हा ती फाटकाशी जाते. बस गेली की परत येते. न रुसता, न हुंदडता. पोस्टात काम करणाऱ्या बाईसारखी : पत्र आलं नाही, ठीक, उद्या.

मला ते बघवत नाही म्हणून चारला मी कपडे वाळत घालते. धुतलेले असोत-नसोत.

१९ ऑक्टोबर

माझ्या वर्तमानपत्राच्या संपादकांचा फोन. "स्तंभात गेले तीन आठवडे कुत्री आहेत."

म्हटलं, खासदार आहेत. नावं बदललीत.

"वाचकांना कळत नाहीये."

खासदारांना कळलंय, बघा. दोघांचे फोन आले.

हुचूने काकूंची कोंबडी मारली आणि माझ्या चपलेवर आणून ठेवली. व्यवस्थित, मान एकीकडे करून. भेट! हुचू म्हणजे मिरी. काळी, लहान, आणि जिभेला लागली की समजतं. कडी उघडते, झाकण उघडते, दोरीची गाठ सोडते. लाज नावाचा प्रकार तिच्यात घालायचा राहून गेलाय. तिला रागावलं की शांतपणे ऐकून घेते, मग जांभई देते. मला तिचा हेवा वाटतो, खरं सांगायचं तर.

मी कोंबडी घेऊन काकूंकडे माफी मागायला गेले. माझी माफी मागून होईतो त्यांनी ती सोलायला घेतलीच होती. "जाऊ दे गं. अंडी देत नव्हती. बस, जेवून जा."

दोन महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी जेवायला बसवलं.

२३ ऑक्टोबर

आज चौघांना घेऊन कांद्याच्या वावरांकडून गेले. चौघांना म्हणजे — हुचू ओढते पुढे, जांगगुन ओढतो मागे, मालसुन मधून चालते जसा काही तिचा-आमचा संबंध नाही, आणि नेम्बी माझ्या पायात. पडलेल्या कांद्याच्या जुडीला बघून जांगगुन बसला तो उठेना. शेवटी हुचू येऊन त्याच्यावर गुरगुरली तेव्हा उठला. हुचू जवळ आली की तो नेहमीच उठतो आणि दुसरीकडे जातो. एवढा देखणा कुत्रा, जिल्ह्याच्या दिनदर्शिकेवर फोटो आलेला! आणि बायकोला — तशी ती बायकोच ना — टरकतो.

मा प्रमुखांचं वावर लागलं. हिरव्या पातीचा समुद्र. चारी कोपऱ्यांना चार कुत्री, साखळीला. साखळी माझ्या दोन हातांएवढी. कुत्र्याभोवतीची माती बांगडीसारखी गोल झिजलेली. उत्तरेच्या कोपऱ्यात एक खुंटा रिकामा.

"या, या लेखिकाबाई!" मा प्रमुख वाकलेले उठले. "तुमच्या पिल्लासाठी कोपरा राखून ठेवलाय बघा. रानडुकरं तिकडूनच येतात."

"खेळायला सोडता का यांना कधी?"

ते मनापासून हसले. "खेळायला? बाई, ही कामाची कुत्री. तुमच्या बाबांच्या रक्ताचं एक पाहिजेच होतं मला. कागदासकट!"

माणूस वाईट नाही. कुत्री पोटभर जेवतात. कर्ण्यावरून म्हाताऱ्यांना औषधाची आठवण करून देतात. वाईट असते तर बरं झालं असतं.

नेम्बीने त्यांचे बूट चाटले.

२४ ऑक्टोबर

ग्वांगजूतल्या माझ्या इमारतीच्या पहारेकऱ्याला फोन केला. सहज. गॅसचं मीटर बघा म्हणून. मग सहजच विचारलं, मध्यम आकाराचं कुत्रं चालतं का अकराव्या मजल्यावर.

"चालतं. उद्‌वाहनात उचलून घ्यायचं. आणताय की काय?"

छे! म्हटलं.

उचलून बघितलं. बारा किलो तरी असेल. चिकटपट्टीचा कान माझ्या गालाला टोचला.

२८ ऑक्टोबर

डॉक्टर बोलले. बोलले म्हणजे कागदाकडे बघून बोलले. बाबा आता काठीनेही चालणार नाहीत. घरी एकट्याने राहायचं तर विषयच नाही. मोकपोतच वृद्धांच्या निवासात जागा झालीय, एक डिसेंबरपासून.

मी हे बाबांना कसं सांगायचं याचे चार मसुदे खोलीपर्यंत जाता जाता केले. बाबाच म्हणाले, "कुत्र्यांची सोय लाव. माझी लागली."

मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. निघताना म्हणाले, "कान?"

३ नोव्हेंबर

सोय :

काकू मालसुनला ठेवतील. "म्हणजे मी ठेवीन गं, पण ती मला ठेवून घेते का बघायचं." जांगगुनही तिकडेच, कारण मालसुनच्या पाठीमागे उभा राहिल्याशिवाय तो फाटक ओलांडत नाही. हुचूला समुद्रातलं खायचं शेवाळ वाळवायच्या कोठीतला रखवालदार नेतो म्हणतो; त्याच्याकडे उंदीर फार. मी त्याला तिचे सगळे गुण सांगितले. तो खूश. "अशीच पाहिजे!" जगात प्रत्येक भांड्याला झाकण असतं, फक्त हुचू ते उघडते.

राहिला नेम्बी. नेम्बी म्हणजे पातेलं — जन्मला त्या आठवड्यात पातेल्यात झोपायचा. हा पातेल्यात मावणारा जीव उत्तरेच्या कोपऱ्यात रानडुकरांसमोर उभा राहणार. तो त्यांना चाटेल.

नापास झाला तर मी नेईन. हे लिहून ठेवते, कारण तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. बाबा निवासात जाणार, घर बंद होणार, आणि जाता जाता त्यांच्या हातात उरणार काय, तर शेवटच्या पिल्लाचा कागद. तोही मी नको म्हणू?

म्हणून रोज चिकटपट्टी बदलते. नीट. मनापासून. माझ्यासारखी मूर्ख मीच.

७ नोव्हेंबर

पट्टी काढली. कान उभा! वाट बघितली, आंघोळ घातली, पुसला — उभाच! काकूंनी टाळ्या वाजवल्या. मा प्रमुख मुद्दाम बघायला आले, मागे सरून, एक डोळा मिटून. "वा! हा ग्वाककाकांचा कान!"

बाबांना फोन केला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग, "हं. ठीक."

मलाही आनंद झाला. झाला असणार. दुपारभर झोपून होते.

८ नोव्हेंबर

काकूंकडे किमची घालायची गडबड. कोबीचे दोनशे गड्डे मिठात. हुचूने एक पळवला, चाखला, आणि परत आणून टाकला. मीठ कमी असावं.

संध्याकाळी दारात बसले होते. नेम्बीने येऊन हनुवटी माझ्या पावलावर ठेवली आणि सुस्कारा सोडला — निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या कारकुनाचा. जगाला चाटतो, पण दमून माझ्याकडे येतो. हे लिहायला नको होतं.

११ नोव्हेंबर

कान उभा. शेपूट वाकडं. उद्या.

१२ नोव्हेंबर

काय केलं मी हे!

क्रमाने लिहिते. पटांगणात अकरा पिल्लं, तीन तपासनीस, सगळं गाव. आमचा नंबर सातवा. बाप म्हणून जांगगुन, आई म्हणून हुचू, दोघं हजर. जांगगुनने मोजपट्टी बघितली आणि बाकाखाली गेला. हुचूने तपासनिसांच्या पिशवीतला बुलगोगीचा, भाजलेल्या मांसाचा डबा शोधून ठेवला, नंतरसाठी.

वयस्क तपासनीस नेम्बीभोवती फिरले. "कान, छान. शेपूट, छान. छाती, वा! पाय..." नेम्बीने त्यांचं मनगट चाटलं. "अनोळखी माणसाशी जरा जास्तच सलगी."

"मी शिकवीन!" मा प्रमुख मागून म्हणाले. त्यांनी खिशात हात घातला आणि आत साखळी खुळखुळली. नवी आणली होती. कौतुकाने आणली होती!

"आईबाप दोन्ही घरचीच. खात्री ना?" हा नुसता विचारायचा म्हणून विचारायचा प्रश्न. लेखणी खूण करायला टेकलेलीच होती. आधीच्या सहाही जणांनी 'हो' म्हटलं होतं.

सव्वीस वर्षं मी लोकांची लफडी छापून पोट भरतेय. दोनदा कोर्टात खेचलं, दोन्ही वेळा सुटले. का? तर छापलं ते खरं होतं. खोटं एक अक्षर नाही. त्याचा मला माज आहे.

"नाही," मी म्हटलं.

लेखणी थांबली.

"मार्चमध्ये हुचू तीन दिवस बेपत्ता होती. परत आली तेव्हा... समाधानी दिसत होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंच्या हातून मफलर पडला. मला थांबता येईना. "आणि साहेब, या बापाकडे बघा. तो हिच्याजवळ उभासुद्धा राहत नाही. हे पिल्लू याचं असेल असं तुम्हाला वाटतं?"

तिघा तपासनिसांनी बाकाखाली वाकून बघितलं. जांगगुनने डोळे मिटून घेतले.

मार्चमध्ये मी ग्वांगजूत होते. हुचू कुठे होती मला काय ठाऊक! तोंडाला येईल ते बोलले.

"ग्वाककाकांच्या घरात?" मा प्रमुख पांढरे पडले. "चाळीस वर्षं झाली, बाई!"

वयस्क तपासनीस हळू आवाजात म्हणाले, "शंका असेल तर रक्त पाठवावं लागेल. महिना जाईल. नाहीतर अर्ज मागे घ्या. मग पंधरा दिवसांत पुलापलीकडे."

मी सही केली.

१३ नोव्हेंबर

सहा वाजता कर्णा. "आ... आ... काही घरांत काय चाललं होतं ते काल उघडकीला आलेलं आहे. नावं घेत नाही. माद्या बांधून ठेवाव्यात!"

काकू आल्या. बसल्या नाहीत. "अगं, ती बोलू शकत नाही म्हणून तिची अब्रू घेतलीस? आणि बापाची? तो तिथे पडलाय लोळागोळा होऊन, त्याला आता काय, हे ऐकायचं राहिलं होतं?"

"काकू, मला नेम्बी —"

"माहितीये मला काय ते. गालाला कान टोचून घेतेस रोज. आंधळी नाही मी." दारातून वळल्या. "पण सांगायचं तू. तोंडावर. कर्ण्यावरून कळता कामा नये त्याला."

हुचू जांभई देत होती. अब्रूचं ओझं तिला अजिबात होत नाहीये. मला दोघींचं होतंय.

१४ नोव्हेंबर

गेले नाही. कपडे धुतले.

१५ नोव्हेंबर

मोकपो. बाबांच्या खाटेशी उभी राहिले, बसले नाही. म्हटलं, बाबा, नेम्बी पास झाला नाही. मी पटांगणात सगळ्यांसमोर सांगितलं की मार्चमध्ये हुचू तीन दिवस बाहेर होती.

पुढचं वाक्य तयार होतं — हे मी खोटं बोलले, मला माफ करा. सबंध रस्ताभर घोकलं होतं. ते ओठावर आलं तेवढ्यात बाबांनी शेजारच्या खाटेकडे बघितलं. म्हातारा झोपलाय याची खात्री करून घेतली. माझी बाही धरून मला खाली ओढलं आणि अगदी कानाशी विचारलं,

"तुला कोणी सांगितलं?"